मघाचा तो कुठे गेला? : 'अ ब्रिज टू फार'विषयी

चौदा नावं आहेत. डर्क बोगार्ड, जेम्स कान, मायकेल केन, शॉन कॉनरी, एडवर्ड फॉक्स, एलियट गूल्ड, जीन हॅकमन, अँथनी हॉपकिन्स, हार्डी क्रूगर, लॉरेन्स ऑलिव्हिए, रायन ओ'नील, रॉबर्ट रेडफर्ड, मॅक्सिमिलियन शेल आणि लिव्ह उलमन. इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने लावलेली. कोणाचं नाव आधी आणि कोणाचं नंतर हा मानापमानाचा प्रश्न निर्मात्याने अकारविल्हे यादी करून मिटवला. त्यामुळे रंगभूमीचा सम्राट मानला जाणारा ऑलिव्हिए दहावा आला आणि सगळ्यांत जास्त पैसे घेणारा रेडफर्ड बारावा.

रिचर्ड अ‍ॅटनबरो यांचा 'अ ब्रिज टू फार' १९७७ साली प्रदर्शित झाला. त्याच्याविषयी पहिली तक्रार जी झाली ती आजही होते : ताऱ्यांची गर्दी फार आहे. एक ओळखीचा चेहरा येतो, दोन वाक्यं बोलतो, जातो. दुसरा येतो. पावणेतीन तासांहून अधिक वेळ हे चालतं. ही तक्रार मी पूर्वी केली आहे, लिहिलीही आहे. पुढची वीस-बावीस वर्षं हा चित्रपट पुन्हा पुन्हा पाहिल्यावर मत बदललं आणि त्या बदललेल्या मतातून हे पुस्तक झालं. प्रस्तावनेत त्या मताचा पाया तेवढा घालते. तपशील पुढच्या प्रकरणांत आहेत.

पहिल्यांदा हा चित्रपट आमच्या घरी भाड्याने आणलेल्या कॅसेटवर पाहिला. वडील खुर्चीत, मी आणि धाकटा भाऊ खाली सतरंजीवर, आई थोडी मागे मटार सोलत. वडिलांना इंग्रजी चित्रपटांतली माणसं ओळखता यायची आणि त्याचा त्यांना आनंद व्हायचा. 'हा कॉनरी. हा केन. हा बघ, ऑलिव्हिए!' असं चाललेलं. आईला यातलं कोणीच माहीत नव्हतं. ती मान वर करून दर दहा मिनिटांनी एकच प्रश्न विचारायची, 'अगं, मघाचा तो कुठे गेला?' आम्ही म्हणायचो, येईल परत. कधी तो यायचा, बऱ्याचदा यायचाच नाही. शेवटी तिने विचारणं सोडलं आणि मटारांचं पातेलं उचलून आत गेली. त्या रात्री मला वाटलं, आईला चित्रपट कळला नाही. आज वाटतं, त्या घरात बरोबर प्रश्न तिने एकटीने विचारला होता.

आधी घडलं काय ते सांगायला हवं, कारण आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धाचा हा भाग फारसा कोणाच्या वाचनात नसतो.

जून १९४४ मध्ये दोस्त फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या. ऑगस्टमध्ये पॅरिस मोकळं झालं, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ब्रुसेल्स आणि अँटवर्प. जर्मन सैन्य इतक्या वेगाने मागे हटत होतं, की नाताळच्या आत युद्ध संपेल असं मोठमोठ्या अधिकाऱ्यांनाही वाटू लागलं. याच क्षणी फील्ड मार्शल माँटगोमेरी यांनी एक धाडसी बेत मांडला. नेदरलँड्समधून उत्तरेकडे घुसायचं, ऱ्हाईन ओलांडायची आणि जर्मनीच्या तटबंदीला वळसा घालून थेट तिच्या कारखान्यांच्या प्रदेशात उतरायचं. वाटेत कालवे आणि नद्या. म्हणून सुमारे पस्तीस हजार सैनिक विमानांतून आणि ग्लायडरमधून शत्रूच्या मागे उतरवायचे, त्यांनी एकामागून एक पूल ताब्यात घ्यायचे आणि बेल्जियमच्या सरहद्दीवरून निघालेल्या रणगाड्यांनी त्या पुलांवरून धडधडत जायचं. हवेतल्या भागाला 'मार्केट' हे नाव, जमिनीवरच्या भागाला 'गार्डन'. सोन, व्हेगेल, ग्राव्ह, नायमेखन आणि शेवटचा, शंभर किलोमीटरवरचा, आर्नेमचा.

या बेतात एकच रस्ता होता. दोन्ही बाजूंना सखल, ओली, पाणथळ जमीन. रणगाडा रस्त्यावरून उतरला की रुतणार. म्हणजे एका कोअरची हजारो वाहनं एकापाठोपाठ एक, आणि पुढचं वाहन पेटलं की मागची सगळी रांग थांबणार. एवढ्या सैनिकांना एका दिवसात उतरवायला विमानं पुरेशी नव्हती, म्हणून उतरणं तीन दिवसांत विभागलेलं. आर्नेमच्या पुलाजवळ उतरायची जागा सुरक्षित नाही असं ठरल्यामुळे ब्रिटिश सैनिक पुलापासून दहा-बारा किलोमीटरवर उतरणार. त्यांचे वायरलेस संच झाडीत चालेनासे झाले. आणि त्या भागात जर्मन एस. एस. रणगाड्यांच्या दोन डिव्हिजन विश्रांतीसाठी थांबलेल्या होत्या. तशी खबर होती, हवाई छायाचित्रंही होती. ती ज्या तरुण गुप्तवार्ता अधिकाऱ्याने पुढे केली त्याला दमलेला ठरवून रजेवर पाठवलं गेलं. त्याचं नाव ब्रायन अर्कहार्ट. पुढे हाच माणूस संयुक्त राष्ट्रसंघात गेला आणि शांतिसेनेची घडी बसवणाऱ्यांपैकी एक झाला. चित्रपटात त्याचं नाव बदलून फुलर केलं आहे, कारण आर्नेमच्या ब्रिटिश डिव्हिजनचा सेनापतीही अर्कहार्टच होता, रॉय अर्कहार्ट.

१७ सप्टेंबर १९४४, रविवार, या दिवशी सुरुवात झाली. नवव्या दिवशी, २५ सप्टेंबरच्या रात्री, पावसात, उरलेल्या सैनिकांना ऱ्हाईनपलीकडून होड्यांनी परत आणलं गेलं. आर्नेमला गेलेल्या सुमारे दहा हजारांपैकी परत आले ते दोन हजारांहून थोडे जास्त. आर्नेमचा पूल लेफ्टनंट कर्नल जॉन फ्रॉस्ट यांनी सातशेहून थोड्या अधिक माणसांनिशी चौथ्या दिवसापर्यंत धरून ठेवला. बेताप्रमाणे संपूर्ण डिव्हिजनने तो दोन दिवस धरायचा होता.

आपण मराठी माणसं ही गोष्ट ऐकतो तेव्हा मनात दुसरी एक जागा उभी राहते, ती टाळता येत नाही. लांबलेली वाट, तुटलेली रसद, न पोचलेली कुमक. पानिपताची हकीकत सांगताना आपण एकट्या नायकाची सांगतच नाही. भाऊसाहेब, विश्वासराव, इब्राहिमखान गारदी, जनकोजी, त्याआधी बुराडी घाटावर पडलेले दत्ताजी, निघून गेलेले मल्हारराव. नावांची रीघ लागते. प्रत्येक नावाला एक प्रसंग आणि त्या प्रसंगावर पिढ्यान् पिढ्या चाललेला वाद. पराभव सांगायचा तर नावं अनेक लागतात, कारण पराभवात प्रत्येकाला आपापल्या तुकड्यापुरतंच दिसलेलं असतं. मराठी वाचकाला हे शिकवावं लागत नाही. म्हणूनच मला वाटतं की हा चित्रपट आपल्याला हॉलिवूडच्या नेहमीच्या प्रेक्षकापेक्षा जवळचा वाटायला हरकत नाही.

त्याचं मूळ पुस्तक कॉर्नेलियस रायन यांचं. डब्लिनमध्ये जन्मलेला हा पत्रकार युद्धात वार्ताहर होता. नॉर्मंडीवरचं 'द लाँगेस्ट डे' त्याने १९५९ मध्ये लिहिलं, आणि त्याची पद्धत त्या पुस्तकात पक्की झाली : सेनापतींची टिपणं वाचायची, पण त्यापेक्षा जास्त शिपायांना, परिचारिकांना, शेतकऱ्यांना, जर्मन सैनिकांनाही प्रत्यक्ष गाठून किंवा प्रश्नावली पाठवून विचारायचं, की त्या दिवशी तुम्ही कुठे होता आणि काय पाहिलंत. त्याचे कागद आज अमेरिकेत ओहायो विद्यापीठात जपलेले आहेत. आर्नेमवरचं पुस्तक त्याने कर्करोगाशी झुंजत पुरं केलं. १९७४ मध्ये ते आलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तो गेला. मरणाच्या दारात बसून एका माणसाने शेकडो अनोळखी लोकांच्या आठवणी ओळीत लावल्या, आणि लावताना त्यातल्या कोणालाही नायक केलं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवायची, कारण चित्रपटाला मिळालेला वारसा हा आहे.

आता पैशाकडे. निर्माते जोसेफ लेव्हिन यांनी हा चित्रपट कुठल्या मोठ्या स्टुडिओच्या तिजोरीवर काढला नाही. खर्च सुमारे अडीच कोटी डॉलर, त्या काळात डोळे विस्फारणारा. तो उभा करायला त्यांनी वेगवेगळ्या देशांतल्या वितरकांना चित्रपट पुरा होण्याआधीच विकायला सुरुवात केली. न पाहिलेला चित्रपट वितरक कशाच्या भरवशावर घेणार? नावांच्या. जर्मनीसाठी शेल आणि क्रूगर, ब्रिटनसाठी कॉनरी-केन-ऑलिव्हिए, अमेरिकेसाठी रेडफर्ड, कान, गूल्ड. रेडफर्डला वीस लाख डॉलर मिळाले आणि तो पडद्यावर येतो दोनेक तास उलटल्यावर. गर्दी झाली ती अशी, विक्रीसाठी. हे मी लपवणार नाही. कलेचा विचार करून कोणी चौदा तारे गोळा केले असं या पुस्तकात कुठेही म्हटलेलं नाही. माझं म्हणणं एवढंच, की ज्या कारणासाठी ही गर्दी आणली त्यापेक्षा वेगळंच काम ती पडद्यावर करते.

पटकथाकार विल्यम गोल्डमन यांनी या कामाविषयी नंतर सविस्तर लिहिलं. एवढ्या पसाऱ्यातून वाट काढताना त्यांना धागा सापडला तो असा : ही वेळेवर धावून येणाऱ्या कुमकेची गोष्ट आहे, फक्त यात कुमक पोचत नाही. अमेरिकन प्रेक्षक घोडदळ येतं आणि वेढा फुटतो हे पाहत लहानाचा मोठा झालेला. त्याला इथे शेवटपर्यंत घोडदळाची चाहूल ऐकवत ठेवायची आणि घोडदळ आणायचं नाही.

या धाग्यात ताऱ्याला अर्थ येतो. तारा म्हणजे काय? ज्याच्यावर आपण आधीच भरवसा ठेवलेला असतो असा माणूस. कॉनरी दिसला की आपण निर्धास्त होतो, हा काहीतरी मार्ग काढणार. इथे कॉनरी रॉय अर्कहार्ट झाला आहे. आपल्या डिव्हिजनपासून तुटून, रस्त्यावर जर्मन फिरत असताना, तो एका डच घराच्या माळ्यावर अडकून पडतो. लढाई खाली, बाहेर, त्याच्यावाचून चालू आहे. हे खरंच घडलं होतं. एखाद्या अनोळखी नटाने ते केलं असतं तर आपल्याला एका सेनापतीची अडचण दिसली असती. कॉनरी ते करतो तेव्हा आपलाच भरवसा माळ्यावर अडकून बसतो.

रेडफर्डचंही तसंच. नायमेखनला वाल नदीवरचा पूल समोरून घेता येत नाही, म्हणून २० सप्टेंबरला भर दिवसा, कॅनव्हासच्या बाजू असलेल्या होड्यांतून नदी पार करायची असं ठरतं. मेजर ज्युलियन कुक त्या तुकडीचा प्रमुख, तो रेडफर्ड. वल्ही कमी, म्हणून काही जण बंदुकीच्या दस्त्यांनी पाणी कापतात, धुराचा पडदा वारा उडवून नेतो, होड्या फुटत जातात आणि रेडफर्ड वल्ह्याच्या तालावर एकच प्रार्थना पुन्हा पुन्हा म्हणत राहतो. पलीकडे पोचतो, पूल घेतो. एवढं पाहिल्यावर कुठलाही प्रेक्षक उठून उभा राहील. ताऱ्याने तारेपण सिद्ध केलं. आणि मग पूल ओलांडून आलेले ब्रिटिश रणगाडे थांबतात. पायदळ मागे आहे, हुकूम नाही, दिवस मावळतो आहे. आर्नेम जवळजवळ दृष्टीच्या टप्प्यात आणि रणगाड्यांशेजारी चहाचं पाणी ठेवलेलं. रेडफर्ड ओरडतो, संतापतो. त्याने काहीही होत नाही. लढाईच्या इतिहासकारांत या थांबण्यावरून आजही वाद आहे, आणि रणगाडेवाल्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. त्यासाठी चौथं प्रकरण दिलं आहे. पण पडद्यावर काय होतं ते पाहा. वीस लाख डॉलरचा तारा आपलं काम चोख बजावतो आणि तरीही हार टळत नाही. मला आठवत असलेल्या दुसऱ्या कुठल्याही युद्धपटाने आपल्या सर्वांत महागड्या माणसाला असं हतबल उभं केलेलं नाही.

त्या नदीच्या प्रसंगामागची एक गोष्ट इथेच सांगते. नायमेखनचा खरा पूल वाहता होता. चित्रीकरणासाठी तो बंद मिळाला तो रविवार, ३ ऑक्टोबर १९७६ या दिवशी सकाळी आठ ते नऊ. एक तास. तेवढ्यात काम झालं नाही तर रेडफर्डला आणखी थांबवून घ्यावं लागणार आणि लाखो डॉलरचा भुर्दंड बसणार. काम झालं. पण मूळ मोहिमेतही सगळं घड्याळावर टांगलेलं होतं आणि तिथे तो तास हुकला, हे माहीत असलं की त्या सकाळची गोष्ट वाचताना अंगावर काटा येतो.

जेम्स कानचा भाग याहून वेगळा. त्याचा सार्जंट आपल्या तरुण कॅप्टनला शब्द देतो, की मी तुला मरू देणार नाही. कॅप्टन मेलेला समजून टाकून दिलेला असतो. सार्जंट त्याला जीपमध्ये घालून जर्मनांच्या मधून घेऊन येतो आणि दमलेल्या डॉक्टरवर पिस्तूल रोखून म्हणतो, आधी याला तपास. कॅप्टन वाचतो. डॉक्टर शिस्त म्हणून सार्जंटला नावापुरती, काही क्षणांची अटक करवतो. हा सगळा प्रसंग रायनच्या पुस्तकात आहे, खऱ्या माणसांचा आहे. त्यानंतर कान चित्रपटात दिसत नाही. मोहिमेच्या यशापयशाशी त्या जिवाचा काही संबंध नव्हता. एवढ्या मोठ्या अपयशात एका माणसाने दिलेला एक शब्द पाळला गेला, आणि कथा तो मागे ठेवून पुढे सरकली. आई इथेच विचारायची, मघाचा तो कुठे गेला?

तो त्याच्या वाट्याच्या रस्त्यावर राहिला. शंभर किलोमीटरच्या रस्त्यावर प्रत्येकाला एक-एक तुकडा मिळालेला आहे, आणि पुढच्या तुकड्यावर काय चाललं आहे हे त्याला कळत नाही. प्रेक्षकाला सगळा रस्ता दिसतो. त्या पसाऱ्यात कोण कुठला हे ध्यानात ठेवायला ओळखीचे चेहरे खुणेच्या दगडांसारखे उपयोगी पडतात. केन दिसला म्हणजे आपण रणगाड्यांबरोबर. ओ'नील म्हणजे नायमेखन. हॉपकिन्स म्हणजे आर्नेमचा पूल. नकाशा हातात न देता हा चित्रपट नकाशा समजावतो तो चेहऱ्यांवरून.

याच युक्तीची हानीही सांगितली पाहिजे. रायन ओ'नील जनरल गेव्हिनच्या भूमिकेत फारच पोरगेला दिसतो असं जवळपास प्रत्येक परीक्षणात आलं. खरी गोष्ट अशी, की गेव्हिन १९४४ मध्ये सदतीस वर्षांचे होते आणि चित्रीकरणाच्या वेळी ओ'नील पस्तीस. म्हणजे वयात खोट नव्हती. पण प्रेक्षकाने ओ'नीलला 'लव्ह स्टोरी'त रडताना पाहिलेलं होतं, त्यामुळे खरं वयच खोटं वाटू लागलं. ताऱ्याबरोबर त्याचे जुने चित्रपट आत शिरतात आणि त्यांना दाराबाहेर ठेवता येत नाही.

हॅकमनच्या पोलिश उच्चारांची अशीच टिंगल झाली. ती मला खटकते, कारण तिच्याखाली एका माणसाची खरी शोकांतिका दबून जाते. जनरल सोसाबोव्स्की हा पोलिश छत्रीधारी ब्रिगेडचा प्रमुख. बेत ऐकल्यापासून त्याने उघडपणे शंका घेतली. धुक्यामुळे त्याची ब्रिगेड उशिरा, २१ सप्टेंबरला, नदीच्या दक्षिणेला द्रिल इथे उतरली, तीही गोळीबारात. मोहीम फसल्यावर दोष कोणाच्या तरी माथी मारायचा होता, तेव्हा ब्रिटिश वरिष्ठांनी त्याच्याकडे बोट दाखवलं आणि डिसेंबरमध्ये त्याच्याकडून ब्रिगेड काढून घेण्यात आली. पोलंड सोव्हिएतांच्या छायेत गेल्यामुळे त्याला मायदेशी परतता आलं नाही. इंग्लंडमध्ये कारखान्यात काम करून त्याने दिवस काढले आणि १९६७ मध्ये तो वारला. डच सरकारने त्याला आणि त्याच्या ब्रिगेडला सन्मान दिला तो २००६ साली. चित्रपटात यातलं नंतरचं काही नाही. पण बैठकीत सगळे आशेने बोलत असताना हॅकमनचा गप्प, घट्ट मिटलेला चेहरा आहे. हे माहीत करून घेऊन तो चेहरा पाहा.

आणखी एक दोष यापेक्षा गंभीर आहे. माँटगोमेरी आणि आयझेनहॉवर यांना पात्र म्हणून चित्रपटात स्थान नाही. सगळा भार पडतो तो हवेतून उतरलेल्या फौजेचे प्रमुख जनरल ब्राउनिंग यांच्यावर, म्हणजे डर्क बोगार्डवर. छायाचित्रं बाजूला सारणारा, नीटनेटका, थंड अधिकारी म्हणून तो लक्षात राहतो. ब्राउनिंग १९६५ मध्येच गेले होते. त्यांच्या पत्नी, 'रिबेका'च्या लेखिका डॅफ्नी द्यू मोरिए, या चित्रणाने फार दुखावल्या. त्यांचं दुःख मला रास्त वाटतं. चौदा माणसांत वाटून द्यायची हकीकत सांगणाऱ्या चित्रपटाने दोष मात्र एकाच्या पदरात टाकला, ही त्याची स्वतःशीच झालेली प्रतारणा आहे.

अशा गर्दीचे दुसरे प्रयोगही आहेत. रायनच्याच पुस्तकावरचा 'द लाँगेस्ट डे' (१९६२) डॅरिल झनक यांनी काढला, कृष्णधवल, जॉन वेनपासून रिचर्ड बर्टनपर्यंत सगळे त्यात. शॉन कॉनरी त्यातही आहे, एका साध्या शिपायाच्या छोट्या भूमिकेत. पंधरा वर्षांनी तो सेनापती झाला. तो चित्रपट भव्य आहे, पण ती विजयाची गोष्ट, त्यामुळे प्रत्येक ताऱ्याच्या वाट्याला शेवटी थोडा थोडा विजय येतोच. आपल्याकडे जे. पी. दत्तांच्या 'एलओसी कारगिल'ने (२००३) सव्वाचार तासांत संजय दत्त, अजय देवगण, सैफ अली खान, अभिषेक बच्चन, मनोज बाजपेयी, नागार्जुन अशी फौज उभी केली. कारगिलच्या जवानांविषयीचा आदर त्यात खरा आहे. पण त्या चित्रपटात जो तो आपल्या घरासह येतो. पत्नी, वाग्दत्त वधू, आठवणीतलं गाणं. इतकी घरं सांभाळताना डोंगरावरची चढाई थबकत राहते. अ‍ॅटनबरोंनी कोणालाच घर दिलं नाही. इथे घर आहे ते फक्त डच लोकांना, आणि ते डोळ्यांदेखत उद्ध्वस्त होतं.

चित्रपटातला मला सर्वांत जास्त हलवणारा प्रसंग या चौदांपैकी कोणाचाच नाही. वेढलेल्या ब्रिटिशांसाठी विमानं सामान टाकतात, पण टाकायच्या जागा जर्मनांच्या हाती गेलेल्या आहेत. डबे शत्रूकडे पडत राहतात. एक डबा जवळ पडतो. एक पोरगा खंदकातून उठतो, धावतो. मित्र ओरडून त्याला उमेद देतात. तो डबा खांद्यावर घेतो, परत फिरतो, गोळी लागून पडतो. डबा फुटतो आणि आतून बाहेर पडतात लाल टोप्या, छत्रीधारी सैनिकांच्या. औषध नाही, दारूगोळा नाही, अन्न नाही. त्या पोराचा चेहरा आपल्याला आधी माहीत नसतो. अ‍ॅटनबरोंनी तरुण, अनोळखी नटांची एक तुकडीच तयार केली होती. त्यांना सैनिकी कवायत दिली, बंदूक धरायला, गणवेशात वावरायला शिकवलं, आणि चित्रपटभर पुलापाशी आणि खंदकांत त्यांनाच उभं केलं. ताऱ्यांच्या मागे हे चेहरे सतत आहेत. पुन्हा पाहताना मी आता त्यांच्याकडे पाहते.

आर्नेम शहर १९७६ पर्यंत नवं झालं होतं, म्हणून त्याचा पूल चित्रित केला तो आयसेल नदीवरच्या डेव्हेंटर गावी. खरे फ्रॉस्ट, अर्कहार्ट, गेव्हिन आणि रणगाड्यांच्या कोअरचे प्रमुख हॉरॉक्स चित्रपटाला सल्ला द्यायला होते. फ्रॉस्ट झालेला हॉपकिन्स रस्ता ओलांडताना वाकून धावत होता, तेव्हा फ्रॉस्टनी सांगितलं की इतकं धावू नका. अधिकाऱ्याने आपल्या माणसांसमोर धोक्याला किंमत देत नाही हे दाखवायचं असतं. संगीतकार जॉन अ‍ॅडिसन तर त्याच रस्त्यावरून आलेल्या कोअरमध्ये स्वतः रणगाड्यांवर होते. त्यांची कवायती चालीची धून ऐकताना हे मनात असू द्यावं : ती आत्मविश्वासाने निघते, कारण रांग खरंच तशी निघाली होती. १९७८ मध्ये, चित्रपटानंतर वर्षभराने, आर्नेमच्या पुलाला जॉन फ्रॉस्ट यांचं नाव देण्यात आलं.

ब्रिटनमध्ये चित्रपटाला चार बाफ्टा मिळाले, एडवर्ड फॉक्सला हॉरॉक्सच्या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्याचा त्यात. ऑस्करसाठी एकही नामांकन झालं नाही. अमेरिकेने १९७७ च्या उन्हाळ्यात 'स्टार वॉर्स' पाहिला.

आपल्या दृष्टीने या चित्रपटाचं पुढचं पाऊल महत्त्वाचं आहे. अ‍ॅटनबरो १९६२ पासून 'गांधी'च्या मागे होते आणि पैसा मिळत नव्हता. लेव्हिनसाठी हा युद्धपट करण्यामागे 'गांधी'ला पाठबळ मिळेल ही आशा होती. ते त्या मार्गाने आलं नाही. पण आर्नेममध्ये ते जे शिकले ते 'गांधी'त दिसतं. तिथेही ताऱ्यांची रांग आहे, गिलगुड, मिल्स, ट्रेव्हर हॉवर्ड, मार्टिन शीन, कँडिस बर्गन. पण ते कडेला आहेत, आणि मध्यभागी बेन किंग्जली, ज्याला जगातल्या बहुतेक प्रेक्षकांनी तोवर पाहिलेलं नव्हतं. हॉरॉक्स म्हणून सैनिकांना हसवणारा एडवर्ड फॉक्स तिथे जनरल डायर होऊन जालियनवाला बागेत गोळीबाराचा हुकूम देतो. आणि आपली माणसं : कस्तुरबांच्या भूमिकेत रोहिणी हट्टंगडी, गोपाळ कृष्ण गोखले झालेले डॉ. श्रीराम लागू, आणि वेशभूषेसाठी ऑस्कर जिंकणाऱ्या पहिल्या भारतीय, कोल्हापूरच्या भानू अथय्या. त्या चित्रपटात कोणता चेहरा ओळखीचा असावा आणि कोणता नसावा हा हिशेब इतका अचूक बसला, तो आधी चौदा नावं घेऊन चुकत-माकत केलेला होता म्हणून, असं मला वाटतं. शेवटच्या प्रकरणात हे सविस्तर मांडलं आहे.

मधली प्रकरणं रस्त्याच्या क्रमाने लावली आहेत, दक्षिणेकडून उत्तरेकडे, एका पुलाला एक. प्रत्येक प्रकरणात आधी त्या पुलापाशी काय घडलं ते, मग पडद्यावर काय दिसतं ते, आणि मग त्या नटाने त्यात काय आणलं ते. डच लोकांसाठी वेगळं प्रकरण आहे, कारण चित्रपटात ते थोडेच दिसतात. १७ सप्टेंबरलाच डच रेल्वे कामगारांनी संप केला. सूड म्हणून जर्मनांनी अन्नाची वाहतूक अडवली आणि पुढच्या हिवाळ्यात सुमारे वीस हजार माणसं उपासमारीने दगावली. आर्नेमच्या रहिवाशांना तर शहरच सोडावं लागलं. तो हिवाळा चित्रपटात नाही. शेवटच्या दृश्यात तो सुरू होताना मात्र दिसतो.

त्या दृश्यात लिव्ह उलमन आहे. ती केट तेर होर्स्ट झाली आहे. ओस्टरबेकला जिचं घर जखमींचं इस्पितळ झालं, जिच्या बागेत सैनिक पुरले गेले, ती हीच बाई. लढाई संपली आहे. ती घर सोडून निघते, हातगाडीवर जेवढं मावेल तेवढं घेऊन, मुलांना बरोबर घेऊन. बरोबर म्हातारा डॉक्टर आहे, तो ऑलिव्हिए. दोन मोठे नट, पण त्यांच्याकडे आपलं लक्ष राहत नाही. ताज्या थडग्यांच्या बाजूने गाडी दूर जाते. मागे एक लहान मूल रेंगाळतं, खांद्यावर बंदूक घेतल्यासारखं सैनिकाचं चालणं चालतं, आणि मग पुढे गेलेल्यांना गाठायला त्यांच्या मागून जातं.